दोन स्ट्रँड मिसळले आणि मेल्टिंगला दोन पायऱ्या आल्या, हे नक्की काय आहे?

शेवटचं_सेमिस्टर

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, प्रोजेक्टचे सहा आठवडे उरलेत आणि एका ग्राफपाशी अडकून बसलेय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही म्हणून लिहितेय.

दोन सिंथेटिक डीएनए स्ट्रँड मागवले होते, म्हणजे एकेक सुटा पेड, प्रत्येकी १७ बेसचे (अक्षरांचे). एकात नुसते ए आणि जी (प्युरिन), पाच-प्राइम टोकाकडून वाचलं तर असं: ए-जी-ए-ए-जी-ए-जी-ए-ए-ए-जी-ए-जी-ए-ए-जी-ए. दुसरा त्याचा कॉम्प्लिमेंट, नुसते टी आणि सी (पिरिमिडीन), तोही पाच-प्राइमकडून: टी-सी-टी-टी-सी-टी-सी-टी-टी-टी-सी-टी-सी-टी-टी-सी-टी. दोघांचा डुप्लेक्स (दोन पेडांची जोडी) करायचा आणि सिनिअर ताईने बनवलेलं एक कंपाउंड त्यात घालून मेल्टिंग टेम्परेचर (जोडी सुटण्याचं तापमान) किती सरकतं ते बघायचं, इतकंच काम. ते कंपाउंड न्यूट्रल पीएचला खाली बसतं म्हणून ॲसिटेट बफर घेतला, पीएच ५.६, त्यात १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. दोन्ही स्ट्रँडचा ओडी (यूव्ही प्रकाश किती शोषतात तो आकडा) घेतला, दोन्ही सारख्या ओडीला आणले, समान व्हॉल्यूम मिसळलं, ९० डिग्रीला गरम केलं आणि रात्रभर हळूहळू गार होऊ दिलं.

आता कंपाउंड न घालता नुसत्या डीएनएचा मेल्टिंग कर्व्ह काढला (गरम करत शोषण मोजायचं, जोडी सुटली की ते पायरीसारखं वाढतं), २६० नॅनोमीटरला, तर एक पायरी यायच्या ऐवजी दोन आल्या. एक साधारण ३६ डिग्रीला, दुसरी ५४ च्या आसपास. आधी वाटलं क्युवेटमध्ये बुडबुडा अडकला असेल, मग वाटलं बफर खराब झाला असेल, सगळं नवीन करून तीनदा केलं, दोन्ही पायऱ्या जिथल्या तिथे. मग ट्रिस बफरमध्ये पीएच ७.४ ला केलं, मीठ आणि मॅग्नेशियम तेवढंच ठेवून, तर खालची पायरी गायब आणि वरची फक्त राहिली. नेटिव्ह जेलपण चालवलं (जोड्या न तोडता डीएनए वेगळे करणारं), नेहमीच्या टीबीई बफरमध्ये, तर डुप्लेक्सच्या जागी एक जाड बँड आणि त्याच्या खाली एक पुसट बँड, बाकी काही नाही.

लॅबमध्ये एकांनी बघितलं आणि म्हणाले ऑलिगो (मागवलेला छोटा डीएनए) इम्प्युअर आलाय, टाकून दे, परत मागव. पण मला ते पटत नाहीये, इम्प्युअर असता तर ७.४ लाही गडबड दिसली असती ना? परत मागवायला ना पैसे आहेत ना वेळ. कुणाला असं कधी दिसलंय का?

जुनी_लॅबवाली

टाकू नकोस गं! आधी ती ट्यूब उचल आणि फ्रीझरमध्ये ठेव, मग पुढचं वाच.

तुझा ऑलिगो बहुतेक अगदी व्यवस्थित आहे. तुझ्या ट्यूबमध्ये दोन नाही, तीन स्ट्रँडचा डीएनए बनलाय, ट्रिपलेक्स. ३६ ला तिसरा स्ट्रँड सुटतोय आणि ५४ ला उरलेला नेहमीचा डुप्लेक्स उघडतोय. तू जे जे लिहिलंयस ते सगळं याच्याशी जुळतं, एकेक सांगते.

पहिलं म्हणजे तिसरा स्ट्रँड आला कुठून. तू म्हणालीस दोन्ही सारख्या ओडीला आणले. इथेच आहे ते. सारखा ओडी म्हणजे सारखे मोल नाहीत. २६० ला ए सगळ्यात जास्त शोषतो, साधारण १५.४ धर, जी ११.५, टी ८.७ आणि सी ७.४, सगळे मिलिमोलरमागे सेंटिमीटरमागे. आता तुझ्या पहिल्या स्ट्रँडमध्ये ११ ए आणि ६ जी, म्हणजे झाले साधारण २३८. दुसऱ्यात ११ टी आणि ६ सी, झाले १४०. शेजारच्या बेसचा परिणाम धरला तर आकडे थोडे हलतील पण ढोबळ हिशोब हाच. २३८ ला १४० ने भाग, १.७ येतात. म्हणजे सारख्या ओडीचं पाणी मिसळलंस तेव्हा दर १० प्युरिन स्ट्रँडमागे तू १७ पिरिमिडीन स्ट्रँड घातलेस. त्यातले १० जोडीला गेले आणि ७ मोकळे उरले. ते मोकळे कुठे जाणार, डुप्लेक्सवर जाऊन बसले.

दुसरं, बसले कसे. आपल्याला शिकवतात की ए ची टी शी आणि जी ची सी शी जोडी लागली की बेसचं तोंड बंद झालं. पण प्युरिनला दोन बाजू आहेत. एक बाजू वॉटसन-क्रिक जोडीत अडकते, दुसरी मेजर ग्रूव्हकडे, म्हणजे मोठ्या खाचेकडे, उघडीच राहते, तिथे ए चा एन-सात (सातव्या जागचा नायट्रोजन) आणि अमिनोचा उरलेला एक हायड्रोजन मोकळा असतो. तिसऱ्या स्ट्रँडचा टी येऊन बरोबर त्या दोघांना पकडतो. जी च्या बाबतीत एन-सात आणि ऑक्सिजन मोकळे असतात, दोघेही हायड्रोजन मागणारे, देणारा कुणीच नाही. म्हणून तिथे सी ला बसायचं तर त्याच्या एन-तीनवर एक जास्तीचा प्रोटॉन लागतो, तो असला की दोन बंध होतात, नसला की एकच. मोकळ्या सी चा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या सी वर प्रोटॉन असतो तो) साधारण ४.५ आहे, ट्रिपलेक्समध्ये बसल्यावर तो बराच वर सरकतो, म्हणून ५.६ ला काम भागतं आणि ७.४ ला नाही. तुझी खालची पायरी ट्रिसमध्ये गायब झाली ती यामुळे. या दुसऱ्या बाजूच्या जोडीला हूगस्टीन जोडी म्हणतात.

तिसरं, दिशा. टी-सी वाला तिसरा स्ट्रँड प्युरिन स्ट्रँडला समांतर बसतो, त्याच दिशेने. वॉटसन-क्रिकवाला उलट्या दिशेने असतो हे तर माहितीच आहे. म्हणजे एकच पिरिमिडीन स्ट्रँड दोन्ही कामं करायला हवा असेल तर तो पुढून आणि मागून सारखाच वाचता आला पाहिजे. तुझा सीक्वेन्स उलटा वाचून बघ. तसाच आहे ना? कुणी डिझाइन केला माहीत नाही, पण हा आरशासारखा सीक्वेन्स आहे आणि शिवाय दोन सी कुठेही शेजारी शेजारी नाहीत, म्हणजे प्रोटॉनवाले दोन सी एकमेकांना ढकलत नाहीत. ट्रिपलेक्ससाठी याहून सोयीचा सीक्वेन्स मुद्दाम शोधूनही पटकन मिळणार नाही.

आणि जेल. टीबीईचा पीएच ८.३ च्या आसपास, वर त्यात ईडीटीए, तो मॅग्नेशियम गिळून टाकतो. तिसरा स्ट्रँड टिकायला ज्या दोन गोष्टी लागतात त्या दोन्ही तू जेलमध्ये काढून घेतल्यास. म्हणून डुप्लेक्सचा जाड बँड आणि सुटलेल्या पिरिमिडीनचा खाली पुसट बँड, पुसट कारण सिंगल स्ट्रँडला डाय नीट लागत नाही. तेच जेल ॲसिटेटमध्ये, मॅग्नेशियम घालून, कोल्ड रूममध्ये चालव, वर एक सावकाश चालणारा बँड दिसेल.

विज्ञानप्रेमी_काका

मी निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र शिकवायचो, पण आमच्या वेळी डीएनए म्हणजे दोन पेडांची शिडी एवढंच होतं. हे तीन पेडांचं प्रकरण म्हणजे वेणीसारखं समजायचं का? आणि बाई, पाउलिंग यांनी तीन पेडांचा डीएनए सांगितला होता आणि तो चुकीचा निघाला असं वाचल्याचं आठवतं, मग आता तो बरोबर ठरला का?

जुनी_लॅबवाली

काका, वेणीत तिन्ही पेड सारखे असतात आणि एकमेकांच्या वरून खालून जातात, कुठलाही पेड मधला असतो आणि कुठलाही कडेचा. इथे तसं नाहीये. इथे आधी दोघांचं पक्कं जमलेलं असतं आणि तिसरा त्यांच्या मोठ्या खाचेत अंग टेकून सोबत फिरतो. ओढला तर तोच आधी सुटतो, आतली जोडी तशीच राहते, म्हणून तर दोन वेगळ्या पायऱ्या दिसतात.

पाउलिंग आणि कोरी यांचं १९५३ सालचं मॉडेल वेगळं होतं. त्यात फॉस्फेट आत आणि बेस बाहेर होते, सगळे ऋणभार मध्ये कोंबलेले, ते टिकणं शक्यच नव्हतं. आजच्या ट्रिपलेक्समध्ये फॉस्फेट बाहेरच असतात, बेस आत असतात. तीन हा आकडा तेवढा सारखा, बाकी काही नाही.

पाषाणरोडवाला

माझा आवडीचा विषय निघालाय, आता जरा ऐका. ही गोष्ट खूप जुनी आहे. १९५७ मध्ये फेल्सनफेल्ड, डेव्हिस आणि रिच हे तिघे अमेरिकेत बेथेस्डाला नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये काम करत होते आणि त्यांनी सिंथेटिक आरएनए घेतला, एक नुसता ए चा आणि एक नुसता यू चा, आणि वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून यूव्ही शोषण मोजलं. साध्या मिठात शोषण सगळ्यात कमी व्हायचं ते ५० टक्क्यांना, म्हणजे एकास एक. त्यात थोडं मॅग्नेशियम टाकलं तर तो तळ ५० वरून ६७ टक्के यू कडे सरकला. ६७ म्हणजे दोनास एक. म्हणजे एका ए च्या स्ट्रँडला यू चे दोन स्ट्रँड. बघा, कुठलं मोठं यंत्र नाही, क्रिस्टल नाही, काही क्युवेट आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि त्यांनी तिसरा स्ट्रँड मोठ्या खाचेत ए च्या एन-सातला धरून बसत असेल हेही तिथेच सुचवलं.

हूगस्टीन यांचं काम त्यानंतरचं. कार्स्ट हूगस्टीन यांनी १९५९ मध्ये ॲडेनिन आणि थायमिन या दोघांना जिथे साखर लागते तिथे एकेक मिथाइल लावला आणि दोघांचा एकत्र क्रिस्टल केला. सगळ्यांना वाटत होतं की वॉटसन-क्रिकची जोडी दिसेल, आणि दिसली दुसरीच, ॲडेनिन दुसऱ्या बाजूने धरलेला. साखर आणि पाठीचा कणा काढून घेतला की बेसना मोकळीक मिळते आणि मग ते स्वतःच्या सोयीने बसतात. मला हा प्रयोग पहिल्यांदा समजला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

मग बरीच वर्षं हे कोपऱ्यात पडून होतं. सिंथेटिक डीएनए हवा तसा मशीनवर बनवता यायला लागला तेव्हा १९८७ मध्ये एकदम तीन ठिकाणांहून पेपर आले. कॅलटेकला मोझर आणि डर्व्हन यांनी तिसऱ्या स्ट्रँडच्या टोकाला लोखंड धरणारा ईडीटीए लावला आणि त्याने लांबलचक डीएनए नेमक्या एका जागी कापून दाखवला. पॅरिसला एलेन यांच्या ग्रुपने त्याच वर्षी तिसरा स्ट्रँड डुप्लेक्सला नेमका चिकटतो हे दाखवलं. आणि मॉस्कोत मिर्किन, ल्यामिचेव्ह आणि फ्रँक-कामेनेत्स्की यांनी दाखवलं की प्लाझमिडमध्ये (जिवाणूतल्या गोल डीएनएमध्ये) पीळ पडलेला असेल आणि असा आरशासारखा प्युरिन-पिरिमिडीन तुकडा असेल तर डीएनए स्वतःच अर्धा उघडतो आणि एक स्ट्रँड दुमडून तिसरा बनतो. त्याला एच-डीएनए म्हणतात, प्रोटॉन लागतो म्हणून एच.

आता आपल्या गावची गोष्ट. या प्रोटॉनच्या भानगडीमुळे सगळे हैराण होते, कारण पेशीत पीएच सातच्या वर असतो, तिथे सी बसणार कसा. पुण्यात नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत प्रा. कृष्ण गणेश यांच्या ग्रुपने नव्वदच्या दशकात यावर काम केलं. त्यांनी सी च्या पाचव्या जागी मिथाइल आणि अमिनोवर स्पर्मिनची साखळी लावली. स्पर्मिनवर धनभार असतो आणि डीएनएचे तीन स्ट्रँड म्हणजे ऋणभाराचा ढीग, त्यामुळे ती साखळी तिन्हींना एकत्र धरून ठेवते. १९९६ च्या त्यांच्या पेपरात दाखवलंय की असा ट्रिपलेक्स शरीराच्या पीएचलाही टिकतो आणि तेसुद्धा एन-तीनवर प्रोटॉन न बसता. एक बंध कमी, तरी टिकतो! गणेश सर पुढे आयसर पुणे या विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मुली, तुझ्या रिपोर्टमध्ये हा पेपर आलाच पाहिजे, तू जे ५.६ आणि ७.४ मध्ये बघितलंस त्याचाच हा पुढचा भाग आहे.

कंट्रोल_आधी

वरचे सगळे प्रतिसाद छान आहेत पण मला थोडं थांबवायचंय. दोन पायऱ्या दिसल्या म्हणजे ट्रिपलेक्सच असं लगेच लिहू नका, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल. जी आणि ए भरपूर असलेले स्ट्रँड स्वतःशीच जोड्या लावतात, समांतर होमोडुप्लेक्स होतात, आणि आम्ल पीएचला ते आणखी जमतं. तुमची ३६ ची पायरी त्याची नाही हे कशावरून?

त्यामुळे किमान हे करा. प्युरिन स्ट्रँड एकटा, त्याच बफरमध्ये, मेल्ट करा. पिरिमिडीन एकटा, तोही. मग मोलच्या हिशोबाने एकास एक आणि एकास दोन. एकास एकमध्ये खालची पायरी गेली पाहिजे आणि एकास दोनमध्ये वाढली पाहिजे. शिवाय २९५ नॅनोमीटरला बघा. प्रोटॉन बसलेला सी लांब वेव्हलेंग्थला जास्त शोषतो, त्यामुळे तिसरा स्ट्रँड सुटून प्रोटॉन गेला की २९५ ला रेघ वर जायच्या ऐवजी खाली येते. ही उलटी पायरी नुसत्या होमोडुप्लेक्सने येत नाही.

आणखी एक, ट्रिसवर विसंबून पीएचबद्दल काही बोलू नका. ट्रिसचा पीएच गरम करताना डिग्रीमागे जवळजवळ ०.०३ ने उतरतो. २५ ला ७.४ केलेला बफर ५५ ला ६.६ च्या आसपास असतो. तुमच्या बाबतीत खालची पायरी गेली म्हणजे निष्कर्ष बदलत नाही, पण आकडा टेबलात ७.४ म्हणून लिहाल तर तो खोटा ठरेल. ॲसिटेट मात्र फार हलत नाही, ते चांगलं आहे.

जुनी_लॅबवाली

कंट्रोलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मी उत्साहात तो भाग सोडला. एक भर घालते. तिसरा स्ट्रँड बसायला फार वेळ घेतो, साध्या डुप्लेक्सच्या तुलनेत हजारपट सावकाश म्हटलं तरी चालेल. म्हणून गरम करतानाचा कर्व्ह आणि गार करतानाचा कर्व्ह एकमेकांवर बसत नाहीत. वरची पायरी बसेल, खालची नाही. हे दिसलं तर घाबरू नकोस, उलट तीही तिसऱ्या स्ट्रँडचीच खूण आहे, फक्त रॅम्प (तापमान बदलायचा वेग) कमी कर, मिनिटाला ०.२ डिग्री वगैरे, दोन्ही जवळ यायला लागतील.

सांगलीची_डॉक्टर

मी न्यूरॉलॉजीची रेसिडेंट आहे, लॅबचं मला फार कळत नाही, पण हा धागा वाचून एक पेशंट डोळ्यापुढे आला. फ्रीडरिक्स अटॅक्सिया. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, चालताना तोल जातो, पाय वाकडे पडतात, गुडघ्याचे रिफ्लेक्स नाहीत, आणि हळूहळू हृदयावर परिणाम. त्याच्या रिपोर्टवर लिहिलं होतं जी-ए-ए रिपीट वाढलेले. निरोगी माणसात फ्रॅटॅक्सिन जीनच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (जीनच्या प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) हे रिपीट साधारण तिसाच्या आत असतात, पेशंटमध्ये शेकड्यांनी, कधी हजाराच्याही वर. जी-ए-ए-जी-ए-ए-जी-ए-ए, म्हणजे एका बाजूला नुसते प्युरिन आणि दुसऱ्या बाजूला नुसते पिरिमिडीन, तुम्ही वर म्हणताय अगदी तसंच! इथे ट्रिपलेक्स होतो का? आणि शरीरात तर पीएच आम्ल नसतो, मग कसा होतो?

पाषाणरोडवाला

डॉक्टर, हो, हे रिपीट ट्रिपलेक्स करतात हे टेस्टट्यूबमध्ये आणि प्लाझमिडमध्ये चांगलं दाखवलेलं आहे. पीएचचं उत्तर असं की तिसरा स्ट्रँड प्युरिनचाही असू शकतो. तेव्हा तो उलट्या दिशेने बसतो, जी वर जी आणि ए वर ए, आणि त्याला प्रोटॉन लागत नाही, मॅग्नेशियम लागतं. त्यामुळे न्यूट्रल पीएचलाही चालतो. आणि पेशीत डीएनएला उलटा पीळ असतो, वर जीन वाचणारा आरएनए पॉलिमरेज चालत असताना मागच्या भागात तो उलटा पीळ आणखी वाढतो, त्याने अशा तुकड्याला उघडायला मदत होते. पॉलिमरेज तिथे अडतो, फ्रॅटॅक्सिन कमी बनतं. पण पेशंटमध्ये सगळा दोष ट्रिपलेक्सचाच असं म्हणता येत नाही, त्या भागातलं क्रोमॅटिनही (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिनं) घट्ट बंद झालेलं सापडतं, दोन्ही मिळून जीन दबतो. मुलाला दोन्ही आईवडिलांकडून तशी प्रत आली तरच आजार होतो हे तुम्हाला माहीतच आहे.

विज्ञानप्रेमी_काका

डॉक्टर, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. एक शेवटचं विचारतो. बेस दुसऱ्या बाजूनेही जोडी लावतात हे समजलं, मग ए-टी-जी-सी सोडून वेगळीच अक्षरं घालून डीएनए बनवता येतो का? की चारच चालतात?

जुनी_लॅबवाली

येतो काका, आणि केलाय लोकांनी. स्टीव्हन बेनर यांच्या ग्रुपने जी आणि सी चे देणारे-घेणारे हात अदलाबदल करून आयसो-जी आणि आयसो-सी ही जोडी वापरली, मग अशीच आणखी जोडून २०१९ मध्ये आठ अक्षरांचा डीएनए केला, त्याला जपानी शब्दावरून हाचिमोजी म्हणतात, हाचिमोजी म्हणजेच आठ अक्षरं. दुसरीकडे फ्लॉइड रोम्सबर्ग यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये ई-कोलायच्या आत एक अशी जोडी घातली की तिच्यात हायड्रोजन बंधच नाहीत, दोन तेलकट तुकडे आकाराने एकमेकांशी जुळतात म्हणून जोडी टिकते, आणि जिवाणू ती कॉपीही करतो. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

पण मला त्याहून जास्त अचंबा वाटला तो २०११ च्या अल-हाशिमी यांच्या एनएमआरच्या (अणूंचे चुंबकीय सिग्नल मोजायच्या) कामाचा. त्यांनी दाखवलं की आपल्या साध्यासुध्या डबल हेलिक्समध्येसुद्धा, काही न करता, एखादी जोडी क्षणभर गर्रकन फिरून हूगस्टीन होते आणि परत येते. १ टक्क्याहूनही कमी वेळ, मिलिसेकंदाच्या हिशोबात, पण होते. म्हणजे ज्याला आपण नेहमीची जोडी म्हणतो ती सतत चुळबुळ करत असते, आणि आपण पुस्तकात तिचा स्थिर फोटो बघतो.

शेवटचं_सेमिस्टर

सगळ्यांचे खूप खूप आभार, आठ दिवस गायब होते कारण रात्री मशीन मोकळं असायचं तेव्हाच मिळायचं. जे झालं ते लिहिते.

आधी एक्स्टिंक्शनने (कोणता स्ट्रँड मोलमागे किती शोषतो त्या आकड्याने) नीट कॉन्सन्ट्रेशन काढलं. लॅबवाली ताईचा हिशोब तंतोतंत निघाला, माझ्या जुन्या ट्यूबमध्ये पिरिमिडीन १.७ पटच होता. वहीचं ते पान मी दहा वेळा बघितलं होतं पण ओडी सारखा म्हणजे मोल सारखे असं डोक्यात इतकं बसलं होतं की दिसलंच नाही.

कंट्रोल केले. पिरिमिडीन एकटा, सपाट. प्युरिन एकटा, तिरकी चढण आहे पण पायरी नाही. मोलने एकास एक केलं तर ३६ ची पायरी जवळजवळ गेली, एकास दोनला आधीपेक्षा उंच आली. २९५ ला ३६ पाशी रेघ खाली आली!! मी त्या वेळी एकटीच होते लॅबमध्ये, रात्रीचे साडेअकरा, आणि मॉनिटरवर ती रेघ हळूहळू उतरताना बघत उभी राहिले, बसावंसंच वाटेना. जेल ॲसिटेट आणि मॅग्नेशियममध्ये चालवलं, डुप्लेक्सच्या वर नवीन बँड आहे.

मग १९५७ वाला प्रयोग केला, ११ ट्यूब, पिरिमिडीन शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, एकूण मोल तेवढेच, १५ डिग्रीला दोन दिवस ठेवून मग मोजलं कारण लॅबवाली ताई म्हणाल्या होत्या वेळ लागतो. ग्राफवर दोन सरळ रेषा काढल्या तर त्या ६७ च्या अगदी जवळ एकमेकींना छेदतात. पीएच ७.४ ला, या वेळी कॅकोडायलेट बफरमध्ये, त्याच ट्यूब केल्या तर ५० ला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांनी आरएनएवर जे बघितलं ते माझ्या वहीत आलं.

हिस्टेरेसिसपण आहे, म्हणजे गरम आणि गार करतानाचे कर्व्ह एकमेकांवर बसत नाहीत. मिनिटाला १ डिग्रीने गरम करताना ३६ आणि गार करताना २९. ०.२ ने केलं तर ३५ आणि ३३.

आता नवा प्रश्न. एकास दोनच्या ट्यूबमध्ये सिनिअर ताईचं कंपाउंड घातलं तर वरची पायरी जागच्या जागी आहे, ५४, पण खालची ३६ वरून ४३ ला गेली. म्हणजे ते डुप्लेक्सला काही करत नाही पण तिसऱ्या स्ट्रँडला धरून ठेवतं असं म्हणू का? गाइडना उद्या दाखवायचंय.

पाषाणरोडवाला

वा गं पोरी. ५० आणि ६७ चे दोन ग्राफ एकाच पानावर शेजारी शेजारी लाव, बाकी काही बोलावं लागणार नाही.

कंट्रोल_आधी

काम चोख झालंय, मनापासून अभिनंदन. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक असतं तेवढं सांभाळा, कचरा वेगळा गोळा करा.

कंपाउंडबद्दल उद्या ठाम काही बोलू नका. खालची पायरी सात डिग्रीने सरकायला दुसरंही कारण असू शकतं. कंपाउंडचा स्टॉक कशात विरघळवलाय? हायड्रोक्लोराइड सॉल्ट असेल किंवा आम्लात विरघळवलेलं असेल आणि त्याने क्युवेटमधला पीएच नुसता ०.३ ने जरी खाली ओढला तरी तिसरा स्ट्रँड काही डिग्री वर जातो आणि डुप्लेक्स तिथेच राहतो, म्हणजे तुम्हाला जे दिसलंय हुबेहूब तेच. मेल्ट झालेल्या त्याच क्युवेटमधलं सोल्यूशन काढून मायक्रो इलेक्ट्रोडने पीएच मोजा, कंपाउंड न घालता नुसतं सॉल्व्हंट तेवढंच घालून एक मेल्ट करा, आणि कंपाउंड स्वतः २६० ला किती शोषतं ते रिकाम्या बफरमध्ये बघा. हे तीन उद्या सकाळी होतील. दुपारी गाइडकडे जा.

शेवटचं_सेमिस्टर

स्टॉक पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये आहे. उद्या सात वाजता लॅब उघडते, आधी पीएच मोजते मग इथे लिहिते.